कोपराची जागा

पुण्याच्या जुन्या बाजारात मी शक्यतो बुधवारी जातो. रविवारी तिथे बघे फार. बुधवारी ज्याला खरंच काही हवंय तोच येतो. त्या दिवशी मला जुन्या इंग्लिश गाडीच्या एसयू कार्बुरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, एक सुई हवी होती. ती मिळाली नाही. पण ज्याच्याकडे मी वीसेक वर्षं असले सुटे भाग शोधत येतोय, त्या विक्रेत्याने चहा मागवला आणि कप हातात देता देता म्हणाला, "हुडाची मायनर बघायची का? बार्शीच्या अलीकडे एका गावात आहे. विकायचीय. कुणाचा हात लागलेला नाही."

हुडाची मायनर म्हणजे कापडी टपाची मॉरिस मायनर, जुनी इंग्लिश मोटारगाडी. त्याचं शेवटचं वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. चार वेळा रंगवलेल्या आणि इंजिन बदललेल्या गाडीबद्दलही लोक हेच सांगतात. मग त्याने फोनवरचा फोटो दाखवला. त्यात गाडी थोडी आणि ज्वारीची पोती जास्त होती. विकायला काढलेली गाडी माणूस निदान पुसून घेतो. ही पुसलेलीसुद्धा नव्हती. पोत्यांच्या मधून मॉरिस मायनरचं गोल नाक दिसत होतं, उजवा दिवा दिसत होता, आणि वर फाटकं, मळकट कापड ताणलेलं होतं. कापडच होतं ते, पत्रा नव्हता.

शनिवारी पहाटे पाचला मी सोलापूर रस्त्याला लागलो.

जुन्या गाड्यांचं मला वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण जिला कुणी नव्यासारखी केलेली नाही अशाच गाडीसाठी मी एवढा का धडपडतो, हे मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. बाबांची फियाट ११०० होती. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी ती पूर्ण उघडून, रंगवून घ्यायला दिली. प्रेमानेच दिली. सात महिन्यांनी गाडी आली ती आरशासारखी लखलखत. शेजारीपाजारी बघायला आले. मी डिकी उघडली आणि तिथेच थांबलो. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबा पेन्सिलने लिहायचे. तारीख, किलोमीटर, ऑइल बदललं, पॉइंट घासले. आणि मध्येच एखादा शब्द, 'गाणगापूर', 'ताईचं बाळंतपण', 'घाटात पाऊस'. वीसेक वर्षांच्या नोंदी होत्या त्या. कारागिराने तिथेही पेपर मारला होता, प्रायमर दिला होता आणि त्यावर सुंदर, एकसारखा रंग चढवला होता. त्याची काहीच चूक नव्हती, त्याने काम चोख केलं होतं. तिथे हात लावू नका हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. त्या लिखाणाचा माझ्याकडे एक फोटोही नाही.

इंदापूर, टेंभुर्णी, मग डावीकडे कुर्डुवाडी. इथून बार्शीला १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. बार्शी लाइट. आता तो मार्ग रुंद झाला, गाडीही मोठी झाली. हा सगळा पट्टा कोरडा. पाऊस कमी, ऊन भरपूर आणि हवेत खारेपणाचा मागमूस नाही. कोकणात उभी राहिलेली मायनर मी पाहिली आहे, तिच्या पायाखालचा पत्रा हाताने मोडत होता. बार्शीकडची म्हटल्यावर मला आशा वाटली ती या हवेमुळे.

वाड्याच्या मागे पूर्वीचा गोठा होता, त्यावर आता पत्र्याचं छप्पर. गाडी एका डॉक्टरांची. ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आता त्यांच्या सूनबाई, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. मुलगा हैदराबादला. वाडा पाडून नवं बांधायचं ठरलंय, म्हणून गाडी विकायची. काकूंनी पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि म्हणाल्या, "बघा सावकाश. घाई करू नका. ती छत्तीस वर्षं उभीच आहे, आणखी तासभर उभी राहील."

आम्ही दोघातिघांनी मिळून पोती बाजूला केली. गाडी हळूहळू पुढे येत गेली, आधी बोनेट, मग दुभंगलेली पुढची काच, मग दार. चाकांखाली बाभळीचे ठोकळे होते, टायर जमिनीला टेकलेले नव्हते. म्हणजे ज्याने ती उभी केली त्याला कळत होतं. हे पाहिल्याबरोबर माझ्या छातीत धडधड सुरू झाली.

तरी आधी पाटी बघायची होती. मायनरमध्ये ती बोनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असते. तिच्यावर गाडीची खूण अक्षरांत कोरलेली असते. पहिलं अक्षर एफ, म्हणजे मायनर. दुसरं अक्षर महत्त्वाचं. दोन दारांची बंद गाडी असेल तर बी, उघड्या टपाची असेल तर सी. हे मुद्दाम सांगतोय, कारण दोन दारांच्या साध्या मायनरचं छप्पर कापून तिला हूड लावून 'कन्व्हर्टिबल' म्हणून खपवणं सोपं आहे आणि सगळीकडे चालतं. पण मायनरला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच पेलते आणि छप्पर हा त्या पेलण्याचा भाग असतो. ते नुसतं कापलं की गाडी मधून बसते, दारं घासायला लागतात, पुढे कधीतरी ती चालत्या गाडीत उघडतात. कारखान्यात उघडी मायनर बनवताना दारांखालच्या पट्ट्यात आणि डॅशबोर्डच्या मागे जास्तीचा पत्रा जोडून तिला ताठ केलेलं असायचं.

रुमालाने पाटी पुसली. एफ. सी. तिसरं अक्षर रंगाचं, तेही जुळलं. पुढचा आकडा २, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेली, निर्यातीसाठीची गाडी. मग मी उजवं दार उघडलं आणि मिटलं. एका बोटाने मिटलं. त्याचा आवाज अजून कानात आहे.

मायनर १९४८ च्या लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. ती आखली अलेक इसिगोनिस यांनी, ज्यांनी पुढे मिनी आखली. कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच आवडली नव्हती, ते तिला पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं म्हणाले होते. लोकांनी मात्र ती डोक्यावर घेतली. १० लाखांचा पल्ला गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी, आणि एकूण १६ लाखांवर मायनर बनल्या. पण मला तिच्यातली सगळ्यात आवडती गोष्ट बोनेटवर आहे. नमुना जवळजवळ पक्का झाल्यावर इसिगोनिस यांना वाटलं, गाडी अरुंद दिसतेय. त्यांनी ती मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून लांब सरकवत नेले आणि डोळ्यांना पटल्यावर थांबवले. अंतर भरलं ४ इंच. म्हणून प्रत्येक मायनरच्या बोनेटवर मधोमध एक सपाट पट्टा असतो. शेवटच्या क्षणी एका माणसाचं मन बदललं, त्याची खूण १६ लाख गाड्यांवर राहिली. गाडीवरची खूण वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात तिथून करावी.

ही गाडी १९५३ ची. आदल्या वर्षी मॉरिस आणि ऑस्टिन या दोन घराण्यांचं एकत्रीकरण झालं होतं, त्यामुळे मॉरिसच्या पोटात ऑस्टिनचं ८०३ सीसीचं छोटं इंजिन आलं. ३० अश्वशक्ती. चढावर जीव मेटाकुटीला येतो, पण सपाटीवर दिवसभर न कुरकुरता चालतं. डॉक्टरांनी ती १९५९ मध्ये मुंबईहून घेतली, जुनीच. कुणी कंपनीतला साहेब परत निघाला होता. नंबर अजून बी एम ने सुरू होणारा, महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीचा. पाटीवर हाताने रंगवलेला.

"मामंजी व्हिजिटला जायचे त्यातनं," काकू म्हणाल्या. त्या एका पोत्यावर बसल्या होत्या. "आडवाटेची गावं. बैलगाडीच्या चाकोरीतनं चालवायचे. टप कायम खाली. पाऊस आला तरच वर. म्हणायचे, टप वर असला तर रस्त्यातली माणसं हात करत नाहीत, त्यांना वाटतं डॉक्टर घाईत आहे."

मी याआधी शेकडो उघड्या गाड्यांबद्दल वाचलंय, ऐकलंय. टप खाली का ठेवायचा याचं इतकं चांगलं कारण मला कुणी दिलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं त्यांनी सांगितलं. त्या आदल्या वर्षीच लग्न होऊन या घरात आल्या होत्या. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडायची, कपच्या डोळ्यांत जायच्या, हात चिरायचे. डॉक्टर रोज एकेका कामावर जायचे. मागच्या सीटवर औषधांची पेटी, उकळलेल्या पाण्याची कळशी आणि पट्ट्यांचं गाठोडं. परतताना कधी त्याच सीटवर एखादी बाळंतीण. मागची सीट मी हात फिरवून पाहिली. कातडं मधोमध उसवलेलं, आणि ते जाड, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाक्यात शिवलेलं. घोड्याचं जीन शिवतात तसं. हुडालाही तीच शिवण, तीन ठिकाणी. काकू म्हणाल्या, गावात जीन शिवणारा एक जण होता, त्याच्या मुलाचा विषमज्वर मामंजींनी बरा केला होता, तो पैसे घ्यायचा नाही.

डावीकडे पायाखाली एका जागी पत्रा गेला होता. तिथे वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून रिबेट मारलेला. उलटा करून पाहिला तर झाडाचं चित्र अर्धं शिल्लक.

आणि मग ती जागा. उजव्या दाराची वरची कड. गाडी हिरवी, तो हिरवा आता वाळलेल्या कढीलिंबाच्या पानासारखा झालाय. पण दाराच्या कडेवर, मागच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत रंगच नव्हता. कडेने हिरवा विरळ होत गेलेला, मग प्रायमरचा फिका थर, आणि मधोमध उघडा पत्रा, तपकिरी, पाटावरवंट्यासारखा गुळगुळीत. मी आधी बोट ठेवलं, मग कळलं. काच खाली, टप खाली, आणि डॉक्टरांचा उजवा कोपर तिथे. अठ्ठावीस वर्षं. तो रंग ऊनपावसाने गेलेला नव्हता, बाहीने गेला होता.

मी त्या दिवशी काकूंना फियाटच्या डिकीची गोष्ट सांगितली. आधी ठरवलं नव्हतं, सांगून गेलो. त्या काही बोलल्या नाहीत.

दुसरा एक गिऱ्हाईक होता, मुंबईचा. त्याने माझ्यापेक्षा जास्त आकडा सांगितला होता. गाडी पूर्ण उघडून लाल रंग, नवं क्रोम, पांढरी सीट, नवा हूड असा त्याचा बेत. लग्नांना आणि समारंभांना द्यायची. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्या गाडीचं काहीच उरलेलं नाही, जिच्यात चिमण्यांनी घरटी केलीत आणि पत्रा चाळणी झालाय, ती तशी उभी करणं हे पुण्यकर्मच आहे, आणि आपल्याकडे ते करणारे मोठे कारागीर आहेत. त्यांचे हात मी पाहिलेत. पण ही गाडी त्यातली नव्हती. तिचं अजून सगळं होतं. तिला नवी करायची म्हणजे अख्खं पान धुऊन त्यावर सुवाच्य अक्षरात दुसरंच काही लिहायचं.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळांची एक मोठी संघटना आहे, फिवा. तिने 'ट्यूरिन सनद' नावाची एक सनद केली. जुन्या इमारतींसाठी जो विचार जग आधीपासून करतं तोच तिने गाड्यांना लावला. वापराच्या खुणा हाही वारसा आहे, आणि दुरुस्ती लागेल तेवढीच करावी. आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर कायम ठेवता येतो. रोजच्या कामाला ती काढता येत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला चालते. हे नियम वाचले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मूळ रूप ही गोष्ट कायद्याच्या भाषेत पहिल्यांदाच कुणीतरी मोलाची म्हटली होती. एरवी आपण जुन्या वस्तूचं कौतुक करतो ते 'अगदी नवीन दिसते हो' असं म्हणून. तांब्याच्या हंड्यापासून देवळापर्यंत सगळ्याला आपण तेच करतो. काळ्या पाषाणाच्या गाभाऱ्याला ऑइलपेंट फासलेला पाहिला की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

पंधरा दिवस फोन आला नाही. मी गाडी गेली असं धरून चाललो होतो. मग एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. मुलाशी बोलून ठरवलंय, म्हणाल्या, घेऊन जा. पैसे एका रुपयानेही कमी केले नाहीत, उलट दुसऱ्याने सांगितलेला आकडाच माझ्यापुढे ठेवला, आणि ते योग्यच होतं. तो आकडा इथे लिहीत नाही. आकडा लिहिला की लोकांना तेवढाच लक्षात राहतो. मी एवढंच विचारलं, मलाच का? त्या म्हणाल्या, "तुम्ही पोती उचलताना विचारलंत, कुठं ठेवू म्हणून."

कागदपत्रांना चार महिने गेले. डॉक्टरांच्या नावावरून वारसांच्या नावावर, तिथून माझ्या. आरसी बुक मूळचं होतं, मलमलीच्या तुकड्यात बांधून देवघराच्या कपाटात ठेवलेलं, म्हणून निभावलं.

जशी आहे तशी ठेवायची याचा अर्थ काहीच करायचं नाही असा नाही. हा गैरसमज मी स्वतःही काही काळ बाळगून होतो. मायनरच्या पुढच्या चाकांना खाली एकेक ट्रनियन असतो, म्हणजे आट्यांवर फिरणारा सांधा. त्याला नेमाने ग्रीस दिलं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस वळताना चाक आत दुमडून गाडी गुडघ्यावर येते. तिथे भावना कामाच्या नाहीत. दोन्ही बदलले. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली दडवलेला असतो, तो काढायला दीड दिवस गेला. होज, चाकांचे सिलिंडर, टायर, पेट्रोलचे पाइप, सगळं नवं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवलाय. गंज जिथे पसरत होता तिथे थांबवला. डब्याचा पत्रा तसाच आहे, खालून फक्त एक पट्टी आधाराला दिली. हुडासाठी कॅम्पातल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी जुनी शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, "ही उसवायची नाही. हिच्या शेजारी माझी घालतो." आता हुडावर दोन हातांच्या शिवणी आहेत.

इंजिन जाम नव्हतं. गाडी उभी करताना डॉक्टरांनी प्लगच्या भोकांतून तेल सोडलं असावं. मी पुन्हा सोडलं, चार दिवस थांबलो आणि हॅण्डल लावलं. पहिल्यांदा ते हललंच नाही, मग एक इंच, मग सावकाश पूर्ण फिरलं. बॅटरी जोडायची वेळ आली तेव्हा बोनेटच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला आणि माझे डोळे भरून आले. तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक कुंचल्याने, ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं, 'पॉझिटिव्ह बॉडीला. विसरू नये.' त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं टोक असंच उलटं जोडायचं असतं. आजचा कुणीही मिस्त्री सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावेल आणि तोटा होईल. बाबांच्या अक्षरासारखं नव्हतं ते. पण बोनेटखाली माणूस स्वतःशी जसं बोलतो, तसंच होतं.

मी पॉझिटिव्ह बॉडीला लावलं. किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरचा पेट्रोल पंप टकटकायला लागला. टक, टक, टक, टक, मग हळू, मग एकेक, मग गप्प. पेट्रोल पोचलं. माझा मिस्त्री आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. चोक ओढला, सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी ती सुरू झाली, भरपूर धूर सोडून.

आता ती माझ्याकडे आहे. रंगाला हात लावलेला नाही. दाराच्या त्या जागेवर दर रविवारी तेलाचं फडकं फिरवतो, पावसाळ्यात दोनदा. टप खाली करून लवकर उजाडता पेट्रोल भरायला जातो तेव्हा माझाही कोपर आपसूक तिथे जातो, पण नेमका त्या जागेवर बसत नाही. दोन-तीन बोटं पुढे पडतो. चालवायला बसताना सीटही मला दोन खाचा पुढे घ्यावी लागली होती. परवा काकूंना फोन केला तेव्हा विचारलं, डॉक्टर उंच होते का हो?

"होय की," त्या म्हणाल्या. "माजघरात वाकून यायचे."